विषय: ग्रिफिथ्स आयलंडचं दीपगृह आणि मटनबर्ड – फोटोंसाठी सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट फेरीला दोन रात्री राहणार आहोत. ग्रिफिथ्स आयलंडचं दीपगृह आणि अंधार पडताना बिळांत परतणारे मटनबर्ड हे समुद्रपक्षी, दोन्ही एकाच फोटोत यावेत अशी फार इच्छा आहे. माझ्याकडे २४-७० आणि ७०-३०० या दोन लेन्स आहेत, ट्रायपॉडही आहे. फ्लॅश विकत घेऊ का? आणि बिळांपाशी गुपचूप जाऊन बसलं तर पक्षी जवळून मिळतील का?

– टार्निटहून, मंडळात यंदाच आलेला

---

अरे, फ्लॅश घेऊ नकोस. मटनबर्ड, म्हणजे शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटर, दिवसभर समुद्रावर असतात आणि काळोख झाल्यावरच जमिनीवर येतात. हवेत ते फार देखणे उडतात, पण उतरताना अक्षरशः आदळतात. त्यात डोळ्यांवर उजेड मारला तर बिचाऱ्यांना काय दिसणार?

बिळांपाशी बसण्याचं तर मनातूनही काढून टाक. वाळूत खणलेली बिळं गवताखाली दिसत नाहीत आणि पाय पडला की छप्पर खचतं. तू जाशील तेव्हा आत अंडं असेल. जोडीचं वर्षाला एकच अंडं, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घातलेलं. ते फुटलं तर त्या हंगामात दुसरं घालत नाहीत. उत्तर पॅसिफिकमधून, अलास्काच्या बाजूच्या समुद्रातून, सप्टेंबरअखेर ते इथे येतात ते त्या एका अंड्यासाठी. एप्रिलमध्ये मोठे पक्षी आधी निघून जातात आणि पिल्लं दोन-तीन आठवड्यांनी आपली आपण उत्तरेकडे निघतात. वाट दाखवायला कोणी नसतं. मी इतकी वर्षं जातोय, तरी हे आठवलं की गलबलून येतं.

आता फोटोचं. दीपगृह बेटाच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन तुझ्या पाठीवरून थेट मनोऱ्यावर पडेल. डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो, पण तू साडेसातलाच बांध ओलांडून बेटावर जा. १८५९ चा मनोरा, ब्लूस्टोनचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या जातीचा दगड, बसाल्ट. आतल्या जिन्याच्या पायऱ्या भिंत रचतानाच तिच्यात बसवल्या आहेत. राखणदार १९५४ मध्ये गेले, त्यांची घरंही राहिली नाहीत, आता मनोरा एकटाच उभा आहे. बाहेरून तो पांढराशुभ्र आणि भोवती काळा कातळ. कॅमेरा कातळाकडे पाहून उजेड वाढवतो आणि मनोऱ्याचा पांढरा रंग जळतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घे.

दोन्ही एकाच फोटोत घेण्याचा हट्ट मात्र सोड. पक्षी येतील तेव्हा मनोऱ्यामागचं आकाश काळवंडलेलं असेल. मनोरा उन्हात टिपून घे आणि मग पायवाटेवरूनच पश्चिमेकडे वळ. तिथे आकाशात थोडी लाली उरलेली असते. २४-७० लाव, ॲपर्चर पूर्ण उघड, आयएसओ ३२०० किंवा ६४००. पक्षी काळ्या आकृतीसारखे येतील, लांब अरुंद पंखांचे. तो फोटो जवळून घेतलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा खरा असतो, असं माझं ठाम मत आहे.

७०-३०० दिवसा वापर. खडकांवर पॅसिफिक गल दिसेल, जाडजूड पिवळी चोच आणि टोकाला लाल. हा फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरचा.

– बॅलरॅटचा काका

---

काकांच्या मेलला माझी जोड. बेटावरून तुम्ही किनाऱ्यावर नक्की जाल. पोर्ट फेरी ते वॉरनाम्बूलच्या मधला बेलफास्ट कोस्टल रिझर्व्ह हा हूडेड प्लोव्हरचा, म्हणजे वाळूवर अंडी घालणाऱ्या छोट्या किनारी पक्ष्याचा, भाग आहे. मी या पक्ष्यांसाठी स्वयंसेवक म्हणून उभी राहते, म्हणून कळकळीने लिहितेय.

घरटं म्हणजे कोरड्या वाळूतला नुसता खळगा, त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची. उबवणी साधारण २८ दिवस. पिल्लं लगेच धावतात, पण उडायला आणखी पाच आठवडे. माणूस जवळ थांबला की आई-बाप उठून लांब जातात आणि अंडी उन्हात तापतात. मागच्या जानेवारीत एक फोटोग्राफर चांगल्या फोटोच्या आशेने खळग्यापासून थोड्या अंतरावर पालथा पडून राहिला होता. मी सांगितल्यावर लगेच उठला, माफीही मागितली. त्याला कल्पनाच नव्हती. त्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आलीच नाहीत.

माझं माहेर वेळासजवळ. तिथे कासवांची अंडी उचलून कुंपणात सुरक्षित ठेवता येतात, पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. हूडीचं, म्हणजे हूडेड प्लोव्हरचं, तसं करता येत नाही. पिल्लांना पाच आठवडे त्याच किनाऱ्यावर फिरून स्वतःचं खाणं शोधायचं असतं. म्हणून पाण्यालगतच्या ओल्या वाळूवरून चाला, दोरी आणि पाटी दिसली तर न थांबता पुढे जा, आणि फोटो काढायचाच तर लांबून, चालता चालता.

– वॉरनाम्बूलची ताई

---

काका, ताई, मनापासून आभार. फ्लॅश घेत नाही. ताईंचा मेल आईला वाचून दाखवला, ती म्हणाली, ओल्या वाळूवरून चालायला मलाही सोपं. बाबांना मात्र कॅमेऱ्यात रस नाही, त्यांना पक्षी बघायचेत. मंडळात कोणाकडे दोन आठवड्यांसाठी दुर्बीण मिळेल का? २० तारखेच्या आत मी स्वतः येऊन घेऊन जाईन.