मदत हवी आहे: एअर रायफलच्या ॲनोडाइज्ड स्टॉकचा रंग माझ्या हातून गेलाय, काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

माझी लेक कोल्हापुरात दहा मीटर एअर रायफल खेळते. वय पंधरा. दीड वर्षापूर्वी एका सीनियर खेळाडूकडून तिच्यासाठी सेकंडहँड मॅच रायफल घेतली. जर्मन बनावटीची आहे, स्टॉक, म्हणजे खांद्याला लावून धरायचा सांगाडा, पूर्ण ॲल्युमिनियमचा, गडद निळ्या ॲनोडायझिंगचा (विजेने धातूवर चढवलेल्या रंगीत थराचा). माझी भिशी आणि ह्यांच्या पीएफमधले पैसे दोन्ही त्यात गेलेत. आता काय झालं ते सांगते.

जुन्या मालकाने स्टॉकच्या डाव्या बाजूला नावाची चिकटपट्टी लावली होती. लेकीने ती काढली, पण गोंद तसाच राहिला. त्यावर धूळ बसून काळा चट्टा झाला होता. रविवारी ती क्लासला गेलेली असताना मी साफ करायला घेतला. शेगडी आणि चिमणीवरचं तेल काढायचा स्प्रे हाताशी होता, तोच मारला. तेवढ्यात फोन आला. पाच-सात मिनिटांनी येऊन पुसलं, तर गोंद निघालाच, पण फडकंही निळं झालं होतं.

आता तिथे मारी बिस्किटाएवढा डाग आहे. मधोमध राखाडी-पांढरट, कडेने जांभळट. स्प्रेचा ओघळ खाली गेला तिथे बोटभर रेघ. ओलं बोट फिरवलं की तेवढ्यापुरता जुना निळा दिसतो, वाळलं की परत पांढरा. हाताला किंचित खरखरीत लागतं. बाटलीमागे बारीक अक्षरात सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलंय, ते मी नंतर वाचलं.

शिवाय दोन जुनी दुखणी आहेत. फोरएंडच्या (पुढच्या हाताने धरायच्या भागाच्या) कडेला स्टँडवर घासून रंग गेलाय, तिथे चकचकीत पांढरा धातू दिसतो. आणि बटप्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीच्या) स्टीलच्या स्क्रूंभोवती मिठासारखी पांढरी पूड जमते. पुसली तरी महिन्याभरात परत येते.

ओळखीच्या एकाने बंदुकीचं ब्लूइंग (धातू काळसर-निळा करणारं रसायन) लावायला सांगितलं, हार्डवेअरच्या दुकानात पितळ घासायची पेस्ट दिली, लेक म्हणते निळ्या मार्करने रंगवू. एकदा घाई करून नुकसान केलंय, म्हणून या वेळी आधी विचारते. पुढच्या महिन्यात बालेवाडीला स्पर्धा आहे. शिरोली एमआयडीसीत ॲनोडायझिंगची जॉबवर्क करणारे आहेत, त्यांच्याकडे स्टॉक द्यावा का?

— राधानगरी_रोड

टाकीवाला:
ताई, भोसरीत सव्वीस वर्षं ॲनोडायझिंगच्या टाकीवर काढली, म्हणून लिहितो.

हा रंग पेंटसारखा वर बसवलेला नसतो. सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत ॲल्युमिनियमला धन टोक जोडून करंट सोडतात, तेव्हा धातूच्याच अंगावर ऑक्साइडचा थर वाढतो. साधारण १० ते २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, रंग त्या छिद्रांत शिरतो. मग जवळजवळ उकळत्या पाण्यात सीलिंग केलं की छिद्रांची तोंडं बंद. थर कठीण असतो, पण तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही त्याला खातात. जुना थर उतरवायला आम्ही कारखान्यात कॉस्टिक, म्हणजे तुमच्या बाटलीवरचं सोडियम हायड्रॉक्साइडच वापरतो. तुमच्या हातून घरी तेच झालं, फक्त थोडक्यात.

आता थर शिल्लक आहे का ते बघा. घरी मल्टीमीटर असेल तर कंटिन्युइटीवर ठेवा, म्हणजे वीज आरपार गेली की बीप वाजतो त्या सेटिंगवर. दोन्ही टोकं आधी चांगल्या निळ्या भागावर अलगद टेकवा, बीप येणार नाही, कारण ऑक्साइडमधून वीज जात नाही. मग फोरएंडच्या उघड्या धातूवर टेकवा, बीप येईल. शेवटी डागावर बघा. टोकं दाबू नका, थर फुटून खोटा बीप मिळेल. ओलं केल्यावर निळा दिसतो म्हणजे वरचा पापुद्रा खडबडीत झालाय, खाली रंग थोडा उरलाय, असा माझा अंदाज.

मार्कर नको. सील झालेल्या थरात शाई धरत नाही, आणि डागावर थोडी धरली तरी घामाने उतरून लेकीच्या जॅकेटला लागेल. ब्लूइंग स्टीलचं असतं, ॲल्युमिनियमवर काही कामाचं नाही. पितळेची पेस्ट तर आजच परत करा, ती उरलेला थर घासून काढेल.

शिरोलीला देण्याबद्दल मनापासून सांगतो, आत्ता देऊ नका. नवा रंग द्यायचा तर आख्खा जुना थर उतरवावा लागतो. त्यात धातूही थोडा जातो, आटे आणि सरकणारे भाग ढिले होतात. आत स्टीलचा एक इन्सर्ट जरी राहिला तरी टाकीत तो खराब होतो आणि कामही बिघडवतो. आणि एकच भाग केला तर बाकीच्यांशी शेड जुळणार नाही.

रेंजवरचा_दादा:
टाकीवाले काकांशी सहमत. मी नॅशनल खेळलोय, आता मुलांना शिकवतो. घरी करता येईल ते सांगतो.

भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात टाका, मऊ सुती फडकं बुडवून घट्ट पिळा, मग पुसा. नंतर डिस्टिल्ड वॉटरच्या फडक्याने, मग कोरड्याने. पाणी थेट ओतायचं नाही. डागाच्या खाचेत स्प्रेचा अंश राहिला असेल तर तो खातच राहील, म्हणून हे आजच करा. पूर्ण वाळल्यावर गाडीचं वॅक्स लावा. पॉलिश नव्हे, वॅक्स. डाग जाणार नाही, पण ओलं केल्यावर दिसतं तसं बरंचसं कायम दिसेल.

फोरएंडची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मॉडेलवाल्यांचा इनॅमल पेंट टूथपिकच्या टोकाने पातळ लावा. चोवीस तास हात लावू नका. जुळणारा निळा मिळाला नाही तर थोडा गडद घ्या, फिका जास्त उठून दिसतो.

पांढरी पूड घामाची आहे. घामातलं मीठ, एकीकडे स्टील, एकीकडे ॲल्युमिनियम, मग ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रू काढण्याआधी बटप्लेटच्या जागेवर मास्किंग टेपने खूण करा. तिचं सेटिंग एक-दोन मिलिमीटर हललं तरी पोझिशन बिघडेल आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं आहे. कोरड्या टूथब्रशने पूड काढा, आट्याला कणभर ग्रीस लावून परत बसवा. सरावानंतर गालाची आणि हाताची जागा रोज पुसायची सवय लेकीला लावा.

हे ग्रीस, तेल किंवा वॅक्स रायफलच्या हवेच्या सिलिंडरच्या तोंडाशी अजिबात जाऊ देऊ नका. आत २०० बार दाबाची हवा असते, तिथे तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडरला पॉलिश पेपर, उष्णता, ॲनोडायझिंग काहीही नको. आणि रायफल सेकंडहँड आहे म्हणून विचारतो, सिलिंडरवरची तारीख पाहिली का? ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची मुदत कंपन्या दहा वर्षांची देतात, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात ती सांभाळायची जबाबदारी खेळाडूची आहे.

अजून एक. छऱ्यांत शिसं असतं. रायफल पुसायची फडकी स्वयंपाकघरात नेऊ नका, हात साबणाने धुवा.

राधानगरी_रोड:
काका, दादा, दोघांचे आभार.

ह्यांनी मीटर आणला. निळ्यावर गप्प, कडेला बीप. डागावर तीन ठिकाणी टेकवला, तिन्हीकडे गप्प. रेघेच्या खालच्या टोकाला, जिथे थेंब साचला होता, तिथे मात्र एकदा वाजला. तेवढ्या ठिपक्यावर आणि कडेवर पेंट लावलाय, वाळतोय. बाकी डागावर वॅक्स लावलं. खिडकीपाशी तिरपं धरलं तर डाग दिसतो, समोरून शोधावा लागतो. लेकीला सगळं सांगितलं. तिने डागावरून अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आई, इथे माझा हात येतच नाही." मला त्या एका वाक्याने फार बरं वाटलं.

बटप्लेटचे चारही स्क्रू टेप लावून काढले. दोन आट्यांत पूड खोलवर होती, ब्रशने निघाली.

सिलिंडर पाहिला. बॅटरीच्या उजेडात मे २०१५ वाचता आलं. म्हणजे दहा वर्षं उलटून गेलीत, आणि रोज आम्ही तो भरत होतो. आजच काढून कापडात गुंडाळून बाजूला ठेवलाय. उद्या क्लबच्या सरांकडे स्पर्धेपुरता एखादा मिळतो का विचारते. नवा मागवायला कुणाकडून सोपं पडलं, किती दिवस लागले, ते कुणी सांगू शकेल का?