पुनर्विकासाचा अभ्यास रहिवाशांना सोबत घेऊन करावा का?

वाटाड्या: जुन्या शहरी वस्त्या कशा सावराव्यात, याचा अभ्यास बहुतेकदा बाहेरची माणसं करतात. नकाशा त्यांचा, प्रश्नावलीही त्यांचीच. रहिवाशाने फक्त उत्तरं द्यायची. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं मत विचारणं ही त्यातली चौथी पायरी, आणि तिची गणना त्यांनी दिखाऊ सहभागातच केली. माझं म्हणणं, काय शोधायचं हेच मुळात रहिवाशांबरोबर बसून ठरवावं. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत १९८० पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात हेच झालं. गल्लीतल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या.

ठोकताळा: पटलं नाही. ओरंगीत गल्लीपुरतं काम लोकांनी केलं, पण मोठे नाले सरकारनेच बांधायचे होते. ते लोकवर्गणीचं काम नव्हेच. आणि रहिवासी म्हणजे नेमकं कोण? सभेला येतो घरमालक. भाडेकरू त्या वेळी कामावर असतो, आणि वस्ती सुधारून भाडं वाढलं की आधी त्यालाच घर सोडावं लागतं.

वाटाड्या: भाडेकरूंचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच ते अभ्यासात हवेत. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात जुन्या घरांच्या पाडापाडीला विरोध झाला, त्यातून १९८० च्या दशकात 'सावध नूतनीकरण' आलं. आहेत त्याच रहिवाशांबरोबर आराखडा करायचा, हे त्याचं पहिलं तत्त्व. अनेक तुर्की कुटुंबं तिथे भाड्याने राहत होती.

ठोकताळा: त्याच क्रॉइत्सबर्गमध्ये २०१२ साली भाडेकरूंना भाडेवाढीविरुद्ध चौकात खोपटं उभारून बसावं लागलं! कितीही एकत्र बसून अभ्यास करा, भाडं रोखायला कायदाच लागतो.

शेजारीण: दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. आमच्या वस्तीत सर्वेक्षण झालं. मी स्वतः दारोदार फिरून माहिती गोळा करून दिली. मानधन नाही, आणि अहवाल आजतागायत आमच्यापर्यंत आलेला नाही. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाकडे कागदपत्रं नाहीत, हे सगळं आता कुणाच्या तरी फायलीत आहे. उद्या त्याच यादीवरून कुणाला अपात्र ठरवलं तर? माहितीवर वस्तीचा हक्क राहील आणि कामाचा मोबदला मिळेल, हे आधी लेखी द्या. त्याशिवाय मी पुढच्या सर्वेक्षणाला दार उघडणार नाही.

ठोकताळा: ताई, ही अट मला पूर्ण मान्य. कायद्याचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.