शनिवार-रविवारचा हॉल आणि ओंकारची रेल्वे: बेळगावातल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर

*गुरुवार*

सुनीता काकू, बी-२०३ (७:१०)
सुप्रभात. हॉलमधली सगळी टेबलं जोडून त्यावर चादरी घातल्यात आणि दाराला कुलूप. शनिवारी चारला आमचं भजन असतं हे नव्याने सांगायचं का? आषाढ आहे, एकादशी तोंडावर आहे. कुणाला विचारून केलं हे?

मुतगेकर सेक्रेटरी (७:२५)
नमस्कार काकू. ओंकारने रीतसर अर्ज दिला होता, कमिटीने होकार दिलाय. शनिवार-रविवार त्याचं मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आहे. नोटीस बोर्डावर लावलंय.

सुनीता काकू, बी-२०३ (७:२७)
बोर्ड लिफ्टच्या आत. लिफ्ट बंद. वाचायचं कुणी?

सचिन, बी-४०१ (७:२९)
ओंकारची गाडी तरी लिफ्टच्या आधी पोचेल 😄

मुतगेकर सेक्रेटरी (७:३१)
सचिन, लिफ्टच्या माणसाला तूच फोन करणार होतास.

अनगोळकर काका, सी-१०१ (७:४०)
जनरल बॉडीच्या ठरावाप्रमाणे बाहेरच्यांच्या कार्यक्रमाला हॉल द्यायचा असेल तर डिपॉझिट आधी. डिपॉझिट भरलं का? कृपया उत्तर द्यावे.

स्नेहल वहिनी, ए-१०४ (७:४४)
बाहेरचा कुठला काका? ओंकार आपल्यासमोर वाढलेला पोरगा.

अनगोळकर काका, सी-१०१ (७:४६)
पुणे, हुबळी, गोव्याहून माणसं यायलेत असं वॉचमन म्हणाला. ते बाहेरचेच की. आणि हॉलमध्ये काल रात्रभर दिवे चालू होते. बिल कॉमनवर.

ओंकार, ए-३०४ (८:२०)
सगळ्यांना नमस्कार. काकू, भजनाचं माझ्याकडून आधी सांगायला हवं होतं असं वाटत असेल तर ते बरोबर आहे, शनिवारची वेळ आपण मिळून बसवू. पण टेबलं हलवू नका ही विनंती, का ते सांगतो.

चार लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनसकट मांडलेले देखावे, येणार आहेत आणि सगळे फाइनस्केल. म्हणजे गाडी नुसती धावली की झालं असं नाही. रुळातलं अंतर, चाकाची जाडी, चाकाची कड, सगळं खऱ्याच्या प्रमाणात. खऱ्या चाकाची कड २८-३० मिमी असते. एक लेआउट खऱ्याच्या ७६ पट लहान आहे, तिथे ७६ ने भागलं की अर्धा मिमीसुद्धा उरत नाही. तेवढ्याशा कडेवर गाडी रुळावर टिकते. टेबलांच्या सांध्यात एक केस आडवा आला तरी डबा उतरतो. या पावसात प्लायवूड दमट होऊन फुगतं, म्हणून खिडक्या बंद आणि १०० वॅटचे दोन बल्ब चालू ठेवलेत. चोवीस तासांत पाच युनिटसुद्धा होत नाहीत काका, तरी पैसे मी भरतो.

अनगोळकर काका, सी-१०१ (८:२४)
प्रश्न पाच युनिटचा नाही. डिपॉझिट भरलं का? कृपया उत्तर द्यावे.

सचिन, बी-४०१ (८:२६)
प्रदर्शनात फाटक आहे काय रे? तिसऱ्या गेटला उभं राहून आयुष्य गेलं, आता हॉलमध्ये पण थांबायचं?

डॉ. वैशाली, डी-३०३ (८:३०)
सचिन 😄 ओंकार, आमच्या निनादला आणलं तर चालेल? त्याच्याकडे बॅटरीची रेल्वे आहे, ती घेऊन येतो म्हणतोय.

ओंकार, ए-३०४ (८:३३)
जरूर आणा डॉक्टर. ती गाडी आमच्या रुळावर चालणार नाही, पण त्याला कंट्रोलर हातात देईन. फक्त टेबलावर रेलायचं नाही, एवढंच आधी समजावून सांगा.

स्नेहल वहिनी, ए-१०४ (८:४१)
चारही एकाच मापाचे असतात का? मला वाटायचं रेल्वे म्हणजे एकच साइज.

ओंकार, ए-३०४ (९:०५)
नाही वहिनी, इथेच खरी गंमत आहे. गोव्याचे एक निवृत्त इंजिनिअर येणार आहेत, बरीच वर्षं इंग्लंडला होते. त्यांचं काम ४ मिमी स्केलचं, म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे ४ मिमी. तिथल्या रुळात ४ फूट साडेआठ इंच अंतर असतं, म्हणजे मॉडेलमध्ये १८.८३ मिमी हवं. पण दुकानात मिळणारा ब्रिटिश माल १६.५ मिमीवर चालतो. का? तिथल्या गाड्या अंगाने लहान. जुन्या काळी ३.५ मिमी स्केलच्या इंजिनात मोटर मावत नव्हती. म्हणून गाडी ४ मिमीची केली आणि रूळ होते तेच ठेवले. त्यामुळे गाडी दिसायला देखणी, पण खाली रूळ हिशेबाने सात इंच अरुंद. हे खटकणाऱ्यांनी १८.८३ चं मानक बनवलं, त्याला पी-फोर म्हणतात. मधला मार्ग म्हणून १८.२ चं ईएम आहे.

सचिन, बी-४०१ (९:०८)
दोन-सव्वादोन मिलिमीटरसाठी एवढं?

ओंकार, ए-३०४ (९:१०)
शनिवारी ये, दोन्ही शेजारी ठेवतो. गाडी समोरून बघ. मग मला विचारायला नको.

बसवराज अण्णा, ए-१०२ (९:२०)
नमस्कार. ओंकार, छान काम. माझे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, मी पूर्ण दिवस येणार. एक सूचना आहे, गेटवर बॅनर लावणार असाल तर वरती कन्नड घाला. मी लिहून देतो.

कंग्राळकर, सी-३०२ (९:२४)
इथे पण सुरू झालं. हॉल आपला, प्रदर्शन आपलं, बॅनर पण आपल्याला पाहिजे तसा नको काय?

बसवराज अण्णा, ए-१०२ (९:२६)
हॉलच्या आत काय पण लावा हो. गेटबाहेर लावल्यावर कोण येऊन फाडणार आणि त्रास त्या पोराला होणार. म्हणून म्हणालो.

कंग्राळकर, सी-३०२ (९:२७)
ते आम्हाला शिकवू नका, सगळं भोगलंय.

मुतगेकर सेक्रेटरी (९:२९)
हा विषय इथे नको. दोन्ही भाषांत होईल. अण्णा, मजकूर मला पाठवा. कंग्राळकर, तुमचा फोन घेतो.

अनगोळकर काका, सी-१०१ (९:३५)
जनरल बॉडीच्या ठरावाप्रमाणे डिपॉझिट आधी. कृपया उत्तर द्यावे.

पाटणेकर आजोबा, डी-००२ (१०:१५)
ओंकार बाळ, सकाळी तू कुलूप काढलंस तेव्हा मी आत येऊन बघून गेलो. मी ३१ वर्षं गार्ड म्हणून काढली, त्यातली बरीच मीटरगेजवर. बाकीच्यांना सांगतो काय आहे ते.

लोंढ्याकडचं एक लहान स्टेशन केलंय. नाव काल्पनिक आहे. लाल माती खरी खानापूरची, फडक्यातून गाळून घेतलेली. रुळाशेजारी एक पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाला, उभा आहे, दोन सेंटिमीटरचा. त्याच्या हातात टोकनचं कडं आहे, वायरच्या एका तंतूचं. सिंगल लाइन असायची, टोकन हातात आल्याशिवाय पुढच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे पुढच्या स्टेशनपर्यंतच्या टप्प्यात, गाडी न्यायची नाही. चालत्या गाडीतून हात घालून ते कडं उचलायचं. पावसात हाताला फटका बसायचा. सिग्नल पण बरोबर आहे, हात खाली पडला की गाडी घ्यायची. हल्लीच्या पोरांना हे कुठून माहीत?

ज्यांना हे खेळणं वाटतं त्यांनी एकदा बघून यावं.

सचिन, बी-४०१ (१०:१९)
आजोबा 🙏

सुनीता काकू, बी-२०३ (१०:२२)
पाटणेकर काका, कौतुक आहेच. पण भजनाचं काय? दरवेळी बायकांचंच मागे पडतं. कोजागिरीला पण हेच झालं होतं.

मुतगेकर सेक्रेटरी (१०:२४)
कोजागिरीला पाऊस होता काकू.

सुनीता काकू, बी-२०३ (१०:२५)
पाऊस आठला थांबला होता.

ओंकार, ए-३०४ (१०:५०)
आजोबा, तुमचं वाचून फार बरं वाटलं. थोडं पुढे सांगतो. आपली जुनी मीटरगेज म्हणजे रुळांत १००० मिमी अंतर. माझं स्केल १:८७, म्हणजे ८७ पट लहान, त्याने ते साडेअकरा मिमी येतं. बाजारात १२ चा तयार ट्रॅक मिळतो, पण मला साडेअकराच हवा होता. म्हणून हाताने टाकला. मीटरगेजचा लाकडी स्लीपर १८३ सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद, म्हणजे माझा २१ मिमी बाय २.३. सर्किट बोर्डाची तांब्याची पट्टी कापून स्लीपर केले, मधे तांबं खरवडून तोडलं नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात, आणि वर रूळ झाळून बसवले. चाकं उद्यमबागच्या एका टर्नरकडून लेथवर करून घेतली. एवढी लहान कड पंप-व्हॉल्व्हच्या माणसाने कधी काढली नव्हती, पण त्याने मनावर घेतलं. आपल्या गावात फाउंड्री आणि मशीन शॉप इतके आहेत म्हणून हे जमलं, नाहीतर परदेशातून मागवावी लागली असती.

कंग्राळकर, सी-३०२ (१०:५५)
वायपी इंजिन आहे का रे त्यात?

ओंकार, ए-३०४ (१०:५७)
आहे की मामा. प्रवासी गाडीला वाफेचं वायपी आहे, मालगाडीला वायजी आहे. डिझेलचं वायडीएम-४ अर्धवट आहे, टेबलाखाली ठेवलंय.

कंग्राळकर, सी-३०२ (१०:५९)
मग येतो. मिरजेला उतरून सामान डोक्यावर घेऊन मीटरगेजच्या गाडीला पळायचं, ते अजून आठवतंय. पुण्याकडची मंडळी ब्रॉडगेजमध्ये आरामात, आपण पळत.

बसवराज अण्णा, ए-१०२ (११:०१)
होय की. आणि तिकडे तिसरी छोटी गाडी पण होती, पंढरपूरची.

कंग्राळकर, सी-३०२ (११:०२)
बरोबर अण्णा. मिरजेत तीन गेज होते. असं स्टेशन शोधून सापडायचं नाही.

सुनीता काकू, बी-२०३ (११:१०)
माझी आई त्याच छोट्या गाडीने एकादशीला जायची. मिरजेहून पंढरपूर. आम्ही पण गेलोय लहान असताना. खिडकीतून खाली उतरून परत चढता येईल इतकी हळू जायची.

ओंकार, ए-३०४ (११:१४)
काकू, ती बार्शी लाइट रेल्वे. ७६२ मिमी. पुण्याहून येणारे गृहस्थ नेमका तिचा एक डबा आणि थोडा ट्रॅक आणणार आहेत, १:८७ मध्ये ९ मिमीवर. तुम्ही बसलेला डबा असाच होता का ते तुम्हीच सांगायचं.

सुनीता काकू, बी-२०३ (११:१५)
बाकं लाकडाची आहेत काय त्यात?

ओंकार, ए-३०४ (११:१६)
आहेत. छत उचलून दाखवतील.

अनगोळकर काका, सी-१०१ (११:२०)
पार्किंगचं काय? सगळे आठवणी काढत बसलेत. डिपॉझिट भरलं का? कृपया उत्तर द्यावे.

स्नेहल वहिनी, ए-१०४ (११:२२)
काका, तुमच्या नातवाच्या बारशाला मंडपाचा टेम्पो दोन दिवस माझ्या जागेत होता. मी काही म्हटलं नव्हतं.

अनगोळकर काका, सी-१०१ (११:२३)
तेव्हा मी डिपॉझिट भरलं होतं. पावती आहे.

मुतगेकर सेक्रेटरी (११:३०)
कृपया वैयक्तिक नको. डिपॉझिट ओंकारने काल रात्री माझ्याकडे रोख दिलंय, पावती आज करतो. पाहुण्यांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर लागतील, आत एकच टेम्पो सामान उतरवायला.

अनगोळकर काका, सी-१०१ (११:३१)
रोख दिलं तर ग्रुपवर टाकायला काय होतं? सकाळपासून विचारतोय.

पाटणेकर आजोबा, डी-००२ (११:४०)
सुनीताबाई, शनिवारचं भजन माझ्याकडे करा. तळमजला आहे, जिना चढायला नको. पेटी घरात आहे, बरेच दिवस कुणी वाजवली नाही. चहा सूनबाई करेल.

सुनीता काकू, बी-२०३ (११:५२)
बरं. मंडळातल्या सगळ्यांना कळवते. पण एक अट. शनिवारी संध्याकाळी भजन झाल्यावर सहा ते सात फक्त मंडळासाठी ठेवा. गर्दीत आम्हाला काही दिसणार नाही आणि पोरं पुढे घुसतात. आणि पंढरपूरचा डबा तेव्हा चालू ठेवायचा, काचेत नको.

ओंकार, ए-३०४ (११:५३)
ठरलं काकू. खुर्च्या पण लावतो.

सचिन, बी-४०१ (११:५५)
खायला काय? कुंदा तरी पाहिजे. पुण्याची माणसं कुंद्याशिवाय परत जात नाहीत.

डॉ. वैशाली, डी-३०३ (११:५७)
हॉलमध्ये खाणं नको प्लीज. ओंकारने काय लिहिलंय वाचलं का? साखरेचा कण रुळावर पडला तर?

ओंकार, ए-३०४ (१२:०५)
धन्यवाद डॉक्टर. खाणं-पिणं बाहेर पोर्चमध्ये. आणखी थोडं: चपला, छत्र्या दाराबाहेर, ओल्या छत्रीचं पाणी आत नको. शनिवारी सकाळी हॉल झाडू नका, धूळ उडून तासाभराने रुळावर बसते. आम्ही ओल्या फडक्याने पुसून घेतो. पंखे बंद राहतील, त्यामुळे थोडं उकडेल. लाईट गेली तर एक लेआउट बॅटरीवर चालेल, बाकीचे थांबतील.

सुनीता काकू, बी-२०३ (१२:१०)
झाडूवाल्या मावशींना मी सांगते. तुमचं कुणाचं ऐकत नाहीत त्या.

मुतगेकर सेक्रेटरी (१२:२०)
दाराशी नावं लिहून घ्यायला कुणी तरी पाहिजे. एका वेळी वीसच्या वर माणसं आत नकोत असं ओंकार म्हणतोय. अनगोळकर काका, तुम्ही बसाल काय? तुमच्यापुढे कुणी रांग मोडणार नाही.

अनगोळकर काका, सी-१०१ (१२:४५)
बसतो. सकाळी दहा ते एक आणि चार ते सात. रजिस्टर नवीन आणा. जुन्यात गणपतीचा हिशोब आहे आणि तो अजून कुणी क्लिअर केलेला नाही.