कॉफीच्या छोट्या शेतकऱ्याला सहकारी संस्थेचा खरंच उपयोग होतो का?

रानवाटा
मागच्या एका चर्चेत कोणीतरी ठामपणे लिहिलं होतं की कॉफीच्या सहकारी संस्था म्हणजे फक्त दलाल बदलला, शेतकरी होता तिथेच आहे. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी माल काय आहे ते बघा. अरबिका या कॉफीच्या जातीचं पिकलेलं फळ तोडलं की शक्यतो त्याच दिवशी पल्पिंग, म्हणजे यंत्राने गर काढणं, व्हावं लागतं. उशीर झाला की फळ आंबतं आणि तो वास थेट कपात उतरतो. अर्ध्या-एक हेक्टरवाल्याकडे ना पल्पर, ना टाक्या, ना पुरेसं पाणी. मग संध्याकाळी व्यापारी बोलेल तो दर. हातात नासणारा माल असताना घासाघीस कसली करणार?

संस्थेचं स्वतःचं प्रक्रिया केंद्र असलं की चित्र पालटतं. फळं आधी पाण्यात ओततात, पोकळ आणि किडकी वर तरंगतात, ती बाजूला काढतात. उरलेल्याचं वजन शेतकऱ्यासमोर होतं आणि पावती हातात पडते. पुढे सालासकटचं बी ओलावा 11-12 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवलं की ते काही महिने टिकतं. म्हणजे आजच विकलं पाहिजे अशी सक्ती राहत नाही.

शिवाय निर्यातीच्या एका कंटेनरला साधारण 19 टन कॉफी लागते. एकट्याकडे असतात काही पोती! इथिओपियात ओरोमिया भागातल्या सहकारी संस्थांनी 1999 मध्ये संघ उभारला आणि परदेशी खरेदीदारांना थेट माल विकायला सुरुवात केली. हे सुट्या शेतकऱ्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं.

रोखठोक
कागदावर सगळं छान. पण तोडणीच्या हंगामात घरात पैसा नसतो आणि मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते. संस्था आधी उचल देते, उरलेलं बिल माल विकला गेल्यावर, कित्येक महिन्यांनी. केनियातल्या शेतकऱ्यांची हीच जुनी तक्रार आहे. व्यापारी दोन पैसे कमी देतो पण जागेवर रोख देतो. अशा वेळी सभासदाने चोरून बाहेर माल घातला तर मी त्याला दोष देणार नाही.

आणि व्हिएतनामचं काय? तिथे बहुतेक माल खासगी व्यापाऱ्यांच्या हातून जातो, तरी छोट्या शेतकऱ्यांच्या जिवावर तो देश कॉफी उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचला.

ताळेबंद
रोखठोक, रोखीचा मुद्दा मान्य. पण तो सहकाराचा दोष नाही, संस्थेकडे खेळतं भांडवल नसल्याचा आहे. फेअरट्रेड, म्हणजे शेतकऱ्याला रास्त दर मिळावा म्हणून असलेली प्रमाणपत्र योजना; तिच्या नियमांत संस्थेने मागितल्यास कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम खरेदीदाराने आगाऊ द्यायची तरतूद आहे, ती याचसाठी.

दराचंही बोलू. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत (कोणत्या देशाने किती निर्यात करायची ही मर्यादा) मोडली, त्यानंतर दराला तळच उरला नाही. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरबिका पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेली होती. 2023 मध्ये धुतलेल्या (पल्पिंग करून पाण्याने धुतलेल्या) अरबिकाला फेअरट्रेडचा किमान दर पौंडाला 1.80 डॉलर ठरला, वर 20 सेंट संस्थेचा सामूहिक निधी. छोट्या शेतकऱ्यांना हा आधार मिळतो तो संघटित असल्यामुळेच.

रोखठोक
त्यातली मेख सांगा की! प्रमाणपत्र असलेल्या मालाचा मोठा भाग त्या दराने विकलाच जात नाही, कारण तेवढे खरेदीदार नाहीत. प्रमाणपत्राचा खर्च मात्र दरवर्षी आहेच. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बाजार 4 डॉलरच्या वर गेला तेव्हा 1.80 चा उपयोग कोणाला?

ताळेबंद
मंदीत उपयोग, तेजीत नाही. किमान दर असतो त्यासाठीच. उलट तेजीत संस्थाच अडकते. 2021 मध्ये दर चढले तेव्हा कोलंबियात बऱ्याच शेतकऱ्यांनी आधी ठरलेल्या दराने माल घातला नाही. संस्थांनी पुढे निर्यातदारांना शब्द दिलेला होता, त्या तोट्यात गेल्या. आगाऊ सौदा किती मालाचा करायचा, हे सभासदांनी सभेत ठरवायला हवं. ते ठरत नाही तिथे गाडं घसरतं.

मृदा
एक गोष्ट सगळेच विसरताय. सभासदत्व बहुधा जमीन ज्याच्या नावावर त्याचं. तोडणी, निवड, वाळवण यातलं बरंचसं काम बायका करतात आणि बिल जातं नवऱ्याच्या नावे. ज्या संस्थेत बाईला स्वतःचं सभासदत्व आणि स्वतःचं खातं नाही, तिथे ‘कुटुंबाचं भलं झालं’ म्हणताना मला अडखळायला होतं. मी सहकाराच्या बाजूची आहे, पण हे बोलणारच.

रोखठोक
मृदा, शंभर टक्के सहमत. माझी अट एवढीच: किती किलो फळ आलं, त्यातून किती बी निघालं, विकलं किती दराने, कपात कशाकशाची, हे केंद्राच्या फळ्यावर लागलं पाहिजे. ते नसेल तर संस्था आणि दलाल यांत मला फरक दिसत नाही. आणि व्हिएतनामला अजून कोणी हात लावलेला नाही.

रानवाटा
लावतो. फळ्याची अट मला मंजूर, बिनशर्त. पण व्हिएतनामचं पीक मुख्यतः रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात आहे. ती बहुतांशी फळासकट उन्हात अंगणातच वाळवतात, त्यामुळे त्याच दिवशी पल्पिंगची घाई नाही आणि माल घरात ठेवून दराची वाट पाहता येते. त्यात सिंचनामुळे हेक्टरी उतारा जगात वरच्या क्रमांकाचा. जी सवड तिथे वाळवणातून मिळते, ती डोंगरउतारावर धुतलेली अरबिका पिकवणाऱ्याला सामाईक केंद्राशिवाय मिळणार कुठून? त्याला व्हिएतनामचा दाखला लागू होत नाही.