पोट्ट्याच्या एअर रायफलले स्कोप (दुर्बीण) लावावा का, अन् झिरो (साइट अन् निशाण जुळवणं) १० मीटरले का २५ ले?

वावरवाला (दारव्हा)
राम राम मंडळी. माह्यं मत सरळ हाय, शिकणाऱ्या पोट्ट्याले स्कोप देऊच नका. पुतण्या दहावीत हाय, त्याच्यासाठी .१७७ ची (नळीचं माप, इंचात) स्प्रिंगवाली घेतली, २० ज्यूलच्या आतली म्हणून लायसन लागत नाही, अन् दुकानदारानं सोबत ४×३२ चा (चारपट मोठं दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) स्कोप गळ्यात मारला. कोठ्यामागं मातीची पोती रचली, टेपनं १० मीटर मोजले, झिरो केली. चार दिवसांनी तीच रायफल, तोच छर्रा, अन् निशाण दोन बोटं डावीकडं! स्कोप काढून ओपन साइटवर (मागची खाच अन् पुढची माशी) आलो तं ग्रुप परत जमला, छर्रे एका जागी पडू लागले. १० मीटरच्या मॅचमधी स्कोप चालतच नाही, ओपन नाहीतर पीप साइटच (बारीक छिद्रातून पाहाची) लागते, मंग नसती सवय कायले लावाची?

पराटी (वणी)
भाऊ, दोष स्कोपचा नाही, चुकीच्या स्कोपचा हाय. स्प्रिंगच्या बंदुकीत झटका दोन्हीकडून बसते, पिस्टन सुटला की मागं अन् तो समोर जाऊन अडला की पुढं, साधा स्कोप त्यानं आतून ढिला होते नाहीतर माउंट (स्कोपची पकड) सरकते. एअरगनसाठी बनवलेला घ्या, माउंट एका तुकड्याचा अन् स्टॉप पिनवाला (सरकू न देणाऱ्या खिळीचा). दुसरं म्हणजे साधे रायफल स्कोप बहुतेक १०० यार्डाच्या पॅरॅलॅक्सवर सेट असतात, म्हणजे तेवढ्याच अंतरावर डोळा हलला तरी क्रॉस (स्कोपातली फुली) जागेवर राहते, १० मीटरवर डोळा जरासा हलला की क्रॉस कागदावरून सरकते. माह्या बाबांचं वय ६२, मागची साइट त्यांना धूसर दिसते, त्यांनी का बंदूक खुंटीले टांगाची? अन् झिरो २५ ले करा, १० ची झिरो २५ ले खालीच लागते.

फौजी काका
स्कोप का ओपन हे नंतर पाहू. पहिले ग्रुपिंग, मग झिरोइंग, फौजेत आम्हाले हेच शिकवलं अन् एनसीसीच्या पोरांनाही .२२ वर हेच शिकवतेत. ५ छर्रे रुपयाएवढ्या जागेत येत नसतील तं स्क्रूले हातही लावू नका! पोट्टे एक छर्रा मारतेत अन् लगेच फिरवतेत, मग दिवसभर साइटच्या मागं पळतेत. मागची साइट जिकडं निशाण न्यायचं तिकडं सरकवायची, समोरची माशी उलट दिशेला.

नेमबाज ताई (यवतमाळ)
पराटीभाऊ, २५ चं तुमचं म्हणणं ओपन साइटसाठी बरोबर आहे, स्कोपसाठी नाही. स्कोप नळीच्या साधारण ४ सेंमी वर बसतो, म्हणून छर्रा नजरेच्या रेषेला दोनदा कापतो, एकदा वर चढताना आणि एकदा खाली उतरताना. छर्रा सेकंदाला २०० मीटरच्या आसपास असेल तर १० ला झिरो केलेली रायफल १८ मीटरला सेंटीमीटरभर वर लागते आणि २५ ला जवळपास परत झिरोवर येते. ओपन साइट दीड सेंमीवर असते, तिथं मात्र १० ची झिरो २५ ला तीन-चार सेंमी खाली जाते. तुमच्या छऱ्याचा वेग वेगळा असेल, म्हणून कागद लावून बघाच. आणि क्लिक (स्कोपची चकती फिरवताना बसणारे खटके) नीट मोजा, पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरवर जेमतेम ०.७ मिमी हलवतो, म्हणजे एका सेंमीला १४ क्लिक.

मॅचसाठी मात्र मी वावरवाले भाऊंच्या बाजूनं. १० मीटर एअर रायफलचा दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा, तो पीप साइटनंच मारतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरचं ब्राँझ आणलं तेही स्कोपशिवाय.

धुरा
या रायफलीनं रानडुकरं पळतील का? तुरीचं लय नुकसान करून राहिले.

फौजी काका
नाही बापा! .१७७ कागदासाठी हाय. तिनं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन फिरते, अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा होते तो वेगळाच. वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज टाक.

पराटी
ताई, दोनदा कापते हे मले माहीत नव्हतं, उद्याच कागद लावतो. पण बाबांचा स्कोप मी काढणार नाही, त्यांना मॅच खेळायची नाही, त्यांना निशाण दिसलं पाहिजे एवढंच.

वावरवाला
बाबांचं राहू द्या, ते मान्य. माह्या पुतण्याले जिल्ह्याच्या मॅचले उतरायचं हाय, त्याची ओपनच राहीन, झिरो १० लेच. अन् सकाळी सहालेच मारा, मे महिन्यात दहा वाजले की काळ्या मातीवरची हवा थरथरते, कागदच हलतो असा भास होते.