जुना आरपीजी (एखादं पात्र घडवत खेळायचा, कथेवर चालणारा कॉम्प्युटर गेम) पहिल्यांदाच खेळताय? मग मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) किती घालायचे?

निशाचर:
'व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' (२००४) मूळ स्वरूपात आजच्या विंडोजवर टाकला तर बऱ्याचदा उघडतच नाही, जास्त रॅम दिसली की गडबडतो. बनवणारी ट्रॉइका २००५ मध्ये बंद पडली, अधिकृत पॅच (दुरुस्तीची फाइल) १.२ वर थांबला. पुढे गेम जगवला तो चाहत्यांच्या अनऑफिशियल पॅचने. तो बसवताना दोन पर्याय मिळतात: बेसिक आणि प्लस. बेसिक बग काढतो. प्लस गेम बाहेर येण्याआधी कापलेला मजकूर परत आणतो, वर काही गोष्टी बदलतोही. माझं ठाम मत आहे, पहिल्या खेपेला बेसिकच घ्यावा. प्लस घेतलात तर ट्रॉइकाचं काय आणि चाहत्यांचं काय, हे नव्या माणसाला कळणार तरी कसं?

जुनीसीडी:
साफ असहमत. 'कोटर २' (स्टार वॉर्सच्या जगातला आरपीजी, 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २') बघा. डिसेंबर २००४ ची तारीख गाठायला घाईघाईत बाहेर काढलेला गेम. एचके ड्रॉइडच्या (यंत्रमानवांच्या) कारखान्याचा अख्खा भाग कापला, पण त्याचे रेकॉर्ड केलेले संवाद फाइलींमध्ये तसेच पडून होते. चाहत्यांच्या रिस्टोअर्ड कंटेंट मॉडने ते जोडले. हा मॉड न घालता खेळणं म्हणजे लेखकांवर अन्याय.

निशाचर:
कापलेलं सगळं घाईमुळेच कापलेलं असतं असं नाही. काही भाग जमला नाही म्हणूनही जातो. त्याच 'कोटर २'चा ड्रॉइडांचा ग्रह, एम४-७८, वेगळा मॉड म्हणून मिळतो, कारण त्यात चाहत्यांना बरंच नव्याने रचावं लागलं. ही सीमा पाळली, म्हणून रिस्टोअर्ड कंटेंटवर माझा विश्वास आहे. प्लसमध्ये सगळं एकाच इन्स्टॉलरमध्ये येतं.

वेस्टलँडकर:
पण 'मूळ' म्हणजे नक्की काय धरायचं? 'फॉलआउट २' मध्ये जगाच्या नकाशावरचा वेग प्रोसेसरवर अवलंबून होता. आजच्या मशीनवर माणूस नकाशावरून सुसाट पळतो आणि वाटेतल्या चकमकींचं गणितच बिघडतं. एसफॉल (चाहत्यांचा दुरुस्ती-मॉड) घालून वेग आवरला, तेव्हा कुठे तो १९९८ सारखा चालतो. इथे मॉड न घालणाराच मूळ गेमपासून लांब जातो.



निशाचर:
एसफॉलला माझा पूर्ण पाठिंबा. तेव्हाच्या खेळाडूला जे दिसलं ते परत मिळवून देणं ही दुरुस्ती झाली.

जुनीसीडी:
आणि वेळेचं काय? हे मॉड अर्ध्यात घालता येत नाहीत, गेम नव्याने सुरू करावा लागतो. नोकरी, घर सांभाळून एवढा मोठा आरपीजी दुसऱ्यांदा कोण खेळतो? बहुतेकांची पहिली खेप हीच शेवटची. तीत कमी का वाढायचं?

निशाचर:
एकदाच खेळायचा असेल तर उलट बेसिकच हवा! ज्या ब्लडलाइन्सबद्दल लोक वीस वर्षं बोलताहेत, तो तरी हाती लागेल. 'कोटर २' साठी मात्र रिस्टोअर्ड कंटेंट पहिल्या दिवसापासून घाला, एम४-७८ नको.