वेदनांचा प्रारंभ: शेवटच्या काळाचं भय आणि आशा (अनुभव धागा, सोलापूर)

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला, पहिला रविवार तोंडावर आलाय. माळ्यावरून नाताळचा कंदील काढायचे दिवस, पण त्या रविवारचा पाठ गव्हाणीचा नसतो, येशूच्या दुसऱ्या येण्याचा असतो. शुभवर्तमानांतला मत्तय 24, मार्क 13 नाहीतर लूक 21 हा अध्याय. लढाया, दुष्काळ, भूकंप. उपासना सुटल्यावर पायरीवर कुणीतरी विचारतंच, 'हे आपल्याच दिवसांबद्दल का हो?' म्हणून हा धागा. सोलापुरातल्या आणि सोलापूर सोडून गेलेल्या मंडळींनी आपापलं लिहावं. अट एकच, तारीख सांगायची नाही. ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं येशूच म्हणाला. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला, वाट पाहिली, आणि दुसरी सकाळ नेहमीसारखी उजाडली. तेवढं पुरे.

सुरुवात मीच करतो. चौथीत होतो. बाहेरगावच्या उपदेशकांनी कापडावर रंगवलेलं चित्र भिंतीला टांगलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, सात डोकी, दहा शिंगं असलेलं श्वापद. विश्वासणारे क्षणात वर उचलले जातील, बाकीचे महासंकटात सापडतील, असं छडी टेकवत सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर दार सताड उघडं, स्टोव्हवर आमटी, आणि आई, आजी, शेजारच्या मावशी, कुणीच नाही. उंबऱ्यावर बसून भोकाड पसरलं. सगळे गेले, मी राहिलो! थोड्या वेळानं आई डोक्यावर हंडा घेऊन आली. कोपऱ्यावर टँकर आला होता.

संकटाआधी असं उचललं जाण्याची मांडणी 19व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकानं रूढ केली आणि सगळ्या मंडळ्या ती मानत नाहीत, हे फार उशिरा कळलं. चौथीतल्या पोराला कोण सांगणार? आजही घर रिकामं दिसलं की पोटात गोळा येतोच.

निवृत्त सिस्टर

मी प्रसूती वॉर्डात आयुष्य काढलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, रात्रपाळी. विसर्जन आटोपून शहर नुकतं झोपलेलं. चार वाजायला काही मिनिटं होती, ट्रेमधली अवजारं खुळखुळायला लागली, खाटा सरकल्या. माझ्याबरोबरची सिस्टर म्हणाली, 'शेवट आला गं.' आणि त्याच वेळी सात नंबरची बाई ओरडली, तिच्या कळा वाढल्या होत्या. शेवट आला असला तरी तिला टाकून जाणार कुठं? पोरगी झाली, चांगली रडली. उजाडल्यावर किल्लारीचं कळलं आणि मग जखमींच्या गाड्या यायला लागल्या. त्या दिवसाचं मी जास्त लिहीत नाही.

पुष्कळ वर्षांनी पाळकसाहेबांनी मत्तय 24:8 शिकवताना सांगितलं, 'वेदनांचा प्रारंभ' यातल्या वेदना म्हणजे मूळ ग्रीक शब्दात बाळंतपणाच्या कळा. मी बाकावर ताठ बसले. अहो, मग हे आमच्या खात्यातलं! पहिलटकरणीला पहिली कळ आली की ती म्हणते, मी मरते. आम्ही म्हणतो, अजून वेळ आहे, श्वास घे, पाणी पी. कळा थांबून थांबून येतात, खोट्याही येतात. किती वाजता होईल हे मोठ्या डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही. पण कुणीही तिला एकटी सोडत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते आणि वेणा देते असं आहे, तेही तेव्हापासून मला वेगळंच ऐकू येतं. मरणाऱ्याचं कण्हणं आणि बाळंतिणीचं कण्हणं यातला फरक कानाला कळतो.

विजापूर वेस

आमच्याकडं थोडी गंमत, थोडा संताप. मार्च 2021, साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. काकांच्या मोबाइलवर कुठल्याशा प्रवचनाचा व्हिडिओ आला की लस म्हणजे 666, श्वापदाची खूण. काका अडून बसले. एप्रिलमध्ये ऑक्सिजनवर पंधरा दिवस. वाचले, देवाची कृपा आणि सिलिंडरसाठी वणवण करणाऱ्या मुस्लिम शेजाऱ्याची.

मी नंतर वाचलं. रोमचा सम्राट नीरो कैसर याचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांचे आकडे मिळवले तर 666 येतात, असं अनेक अभ्यासक मानतात. प्रकटीकरण लिहिणारा योहान पात्म बेटावरून आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना लिहीत होता आणि त्यांच्यासमोर रोमचं साम्राज्य उभं होतं. काकांना हे समजावलं. ऐकून घेतलं, बोलले काही नाहीत. पुढं लस घेतली, पण डाव्या दंडावर. खूण उजव्या हातावर असते म्हणे!

गिरणीवाल्याचा मुलगा

माझा अनुभव उलटा आहे, चालणार असेल तर ठेवा. गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांची देणी अडकली. घरी प्रार्थनेला आलेले एक वडीलधारे म्हणाले, 'हे जग जायचंच आहे, स्वर्गात ठेव साठवा.' आई शेजाऱ्यांकडून ज्वारी उसनी आणत होती. त्या दिवसापासून मला शेवटचा काळ हा शब्द ऐकवत नाही. चर्चला जात नाही. राग देवावर आहे की त्या माणसावर, ठरवलेलं नाही.

बार्शी रोड

दादा, ठेवा काय, हे आधी वाचायला पाहिजे. वाद घालत नाही, फक्त याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. ज्या कामकऱ्यांची मजुरी अडवली ती मजुरीच ओरडते आहे आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी गेला आहे, असं चौथ्या वचनात आहे. तीनच वचनं पुढं प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा, शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो तसा. तुमच्या घरी आलेल्यांनी सातवं सांगितलं, चौथं गिळलं.

आणि ती वाट पाहणं म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे. आमची कोरडवाहू जमीन, रब्बीची ज्वारी. पेरायच्या आधी कुळव मारून रान तयार ठेवावं लागतं. हस्ताचा पाऊस आला आणि रान तयार नसलं तर तो पाऊस आपला नव्हेच.

विडीकाम करणारी (मुलगी लिहून देते आहे)

मला श्वापदाचं काय कळत नाही. मालक गेले त्याला दोन वर्षं झाली. दफनभूमीत पाळकांनी प्रकटीकरणातून वाचलं, तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील. मी तिथंच मनात म्हटलं, मग अश्रू तोपर्यंत राहणार की. रडू नका असं नाही म्हटलेलं. बरं वाटलं. लोक सारखे रडू नका, रडू नका म्हणत होते.

हजार विड्या वळेपर्यंत डोक्यात काय काय येतं. कधी भांडते देवाशी. पानं ओली करताना डोळे पुसायला हात मोकळा नसतो, तेव्हा ते वचन आठवतं.

मुलगी सांगते, त्याच पुस्तकाच्या शेवटी नदी आहे, जीवनाच्या पाण्याची, शहराच्या रस्त्याच्या मधून वाहणारी. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, सगळे आगीचंच सांगत होते. बघू. आमच्या नळाची पाळी उद्या पहाटे आहे, चार दिवसांनी. बाकीचं नंतर लिहिते.